अनामिकांचें ऋण

ज्याच्यापासून आपणांस सुख लाभलें त्याचें नांव विचारणें हें कर्तव्य आहे, कीं ती केवळ रिकाम्या मनाची जिज्ञासा? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. तहान लागली म्हणजे पाणी प्यावें, विहीर कोणीं खणली याची चौकशी कशाला, असें व्यवहारी मनुष्य म्हणेल. आणि आंब्याची गोडी झाड लावणाऱ्याच्या नांवावर अवलंबून नसते, हें त्याचें म्हणणें कोणीहि खोडून काढूं शकणार नाहीं. परंतु ज्या समाजानें देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें मनुष्याच्या जन्माबरोबरच त्याच्या पदरीं बांधलीं, त्या समाजांत वाढलेल्या मनुष्याचें एवढ्या उत्तरानें समाधान होऊं नये. ऋण फेडणें ही पुढची गोष्ट. तें कोणाचें आहे हें ठाऊक असणें ही पहिली.

हा प्रश्न थोर ग्रंथांच्या संबंधानें न मांडतां, अगदीं हलक्या समजल्या जाणाऱ्या एका प्रकाराच्या संबंधानें मांडावा असें मला वाटतें. मुलांसाठीं छापल्या जाणाऱ्या, बोलक्या प्राण्यांच्या विनोदी चित्रकथा हा तो प्रकार होय. थोरांच्या बाबतींत आपली न्यायबुद्धि जागीच असते. कालिदासाच्या काळाविषयीं पंडित पिढ्यान् पिढ्या वाद घालतील, आणि तो वाद कोणास निरर्थक वाटणार नाहीं. परंतु बदकाच्या आणि उंदराच्या गोष्टी कोणीं लिहिल्या, हें विचारणारास मात्र आपण हंसतों. न्यायबुद्धीची खरी परीक्षा व्हावयाची ती येथेंच.

प्राण्यांच्या गोष्टी सांगणारांचें नशीब पहिल्यापासूनच असें आहे. पंचतंत्रांतील करटक आणि दमनक हे दोन कोल्हे पाहा. सहाव्या शतकांत बुर्झोय नांवाच्या इराणी वैद्यानें तो ग्रंथ पहलवी भाषेंत नेला. आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा यानें त्याचें अरबी रूपांतर केलें, आणि त्या रूपांतरास नांव मिळालें तें या कोल्ह्यांचेंच — ‘कलीला व दिम्ना’. पुढें युरोपांत हा ग्रंथ गेला तो ‘बिदपाईच्या कथा’ म्हणून. म्हणजे एवढ्या प्रवासांत कोल्ह्यांचीं नांवें थोड्याफार अपभ्रंशानें टिकलीं. विष्णुशर्म्याचें नांव मात्र वाटेंत कोठेंतरी गळून पडलें, आणि त्याच्या जागीं एक भलतेंच नांव येऊन बसलें. विष्णुशर्मा ही तरी खरी व्यक्ति कीं कथाकारानें कल्पिलेलें पात्र, हा वाद वेगळाच. गोष्ट जितकी लोकप्रिय तितका तिचा कर्ता विस्मृत, असा कांहीं नियमच आहे कीं काय, असें वाटूं लागतें.

हा नियम निसर्गाचा नसून पुष्कळदां माणसांनीं केलेला असतो, याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. विसाव्या शतकाच्या पांचव्या आणि सहाव्या दशकांत तेथें डोनाल्ड डक या बदकाच्या चित्रकथांचीं मासिकें दरमहा लाखोंनीं खपत असत. वेस्टर्न ही संस्था तीं तयार करी, डेल या छापानें तीं बाजारांत येत, आणि वर नांव असे तें एकच — वॉल्ट डिझ्नी. लिहिणारे अनेक, काढणारे अनेक, शाई भरणारे आणि अक्षरें घालणारे अनेक. पण मुखपृष्ठावरील त्या एका नांवाच्या छत्राखालीं ते सर्व दिसेनासे झाले होते. पत्र लिहावेंसें वाटलेल्या मुलास तें डिझ्नीलाच लिहावें लागे, आणि डिझ्नीनें तर त्या पानांवर एक रेघहि ओढलेली नसे.

त्या अनेकांपैकीं एकाचें नांव कार्ल बार्क्स. हा १९०१ सालीं ऑरेगनमध्यें जन्मला. डिझ्नीच्या चित्रपटशाळेंत कांहीं वर्षें काढून १९४२ सालीं त्यानें ती सोडली, कॅलिफोर्नियांतील एका लहानशा गांवीं कोंबड्या पाळण्याचा बेत केला, आणि पोटासाठीं बदकाच्या चित्रकथा लिहूं व काढूं लागला. पानागणिक ठरलेला मोबदला मिळे. खपावर हक्क नाहीं, चित्रावर सही नाहीं. अंकल स्क्रूज हा जगप्रसिद्ध कृपण बदक १९४७ च्या डिसेंबरांत प्रथम अवतरला तो याच मनुष्याच्या लेखणींतून. आणि तरीहि त्या बदकाला ओळखणारीं कोट्यवधि मुलें त्याच्या जनकाला ओळखत नव्हतीं.

येथवर ही कथा नेहमींचीच आहे. तिच्यांतील नवल पुढें आहे. मुलें फसलीं नाहींत. सर्व पानांवर एकच नांव असतांहि त्यांच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं कथांतील बदक अधिक जिवंत आहे. त्याचा राग खरा राग आहे, त्याची फजिती खरी फजिती आहे. मागचे डोंगर आणि गलबतें कोणीतरी मन लावून काढलीं आहेत. आणि गोष्ट संपल्यावर मनांत कांहीं उरतें. नांव ठाऊक नव्हतें, म्हणून त्यांनीं त्याला ‘चांगला बदकवाला चित्रकार’ असें म्हणावयास आरंभ केला. नांव नसलेल्या मनुष्यास दिलेली याहून साधी आणि याहून खरी पदवी मला ठाऊक नाहीं. तींत ना जाहिरात, ना कोणाची शिफारस. ती निव्वळ लक्ष देण्यांतून जन्मली.

या मुलांपैकीं कांहीं मोठीं झालीं, आणि त्यांनीं शोध चालविला. १९६० सालीं जॉन व बिल स्पायसर या बंधूंचें पत्र बार्क्सच्या हातीं पडलें. त्या वेळीं तो साठीच्या उंबरठ्यावर होता. आपल्या चित्रांकडे कोणी इतक्या बारकाईनें पाहत असेल हें त्याला तोंवर कळावयाला मार्गच नव्हता. १९६६ सालीं तो निवृत्त झाला आणि २००० सालीं, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षीं वारला. म्हणजे नांव उघड झाल्यावर चाळीस वर्षें त्याला स्वतःच्या कानांनीं धन्यवाद ऐकतां आले. इतरांचें भाग्य एवढें थोर नव्हतें. जेरी बेल्स आणि हेम्स वेअर यांनीं १९७३ ते १९७६ या काळांत अमेरिकन चित्रकथाकारांची चार खंडांची नामावलि सिद्ध केली. तींतील कित्येकांना आपली नोंद झालेली पाहावयास मिळाली नाहीं. शोध दहा वर्षें उशिरां लागणें आणि मुळींच न लागणें यांत इतिहासाच्या दृष्टीनें अंतर असेल. मेलेल्या कारागिराच्या दृष्टीनें कांहींच अंतर नाहीं.

हा शोध चालतो कसा, हेंहि पाहण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकांत मोरेली नांवाच्या इटालियन रसिकानें जुन्या चित्रांचे कर्ते ओळखण्याची एक रीति सांगितली. चित्राचा विषय, मुखावरील भाव, रंगांची योजना हीं शिष्यहि उचलतो आणि नकल्याहि उचलतो. म्हणून तिकडे पाहूं नये. कानाची पाळी, बोटांचीं नखें, असल्या दुर्लक्षित जागीं पाहावें. तेथें हात सवयीनें चालतो आणि सवय लपवितां येत नाहीं. चित्रकथांचे अभ्यासक हेंच करतात. बदकाच्या पायाचा पंजा जमिनीवर कसा टेकला आहे, चार बोटांचा हात कसा वळला आहे, पळतांना उडणाऱ्या धुळीचे ढग कसे आहेत, हें ते ताडून पाहतात. कथा लिहिणारा शोधावयाचा तर शब्दांच्या लकबी, आवडतीं म्हणीवजा वाक्यें आणि शेवट करण्याची तऱ्हा पाहतात. आणि मग कचेरींतील हिशेबाच्या वह्या मिळाल्याच, तर त्यांशीं अंदाज पडताळतात. मनुष्य जेथें स्वतःस दाखवूं पाहतो तेथें नव्हे, तर जेथें स्वतःस विसरतो तेथें तो सांपडतो, हें तत्त्व केवळ चित्रांपुरतें आहे असें मला वाटत नाहीं.

आपल्याकडील मुलांचाहि या प्रश्नाशीं संबंध आहे. १९४७ च्या जुलैंत मद्रासेंत तेलुगु आणि तामिळ भाषांत निघालेलें ‘चंदामामा’ १९५२ सालीं मराठींत ‘चांदोबा’ होऊन आलें, आणि महाराष्ट्रांतील दोन पिढ्यांनीं तें हातोहात वाचलें. विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ कोणीं काढला हें पुष्कळांस ठाऊक असतें, कारण शंकर यांची सही चित्राच्या कोपऱ्यांत असे. परंतु ज्या अद्भुत मालिकांच्या पुढील भागासाठीं मुलें महिनाभर झुरत, त्यांतील अनेक लिहिणारे दासरि सुब्रह्मण्यम् यांचें नांव त्या मालिकांवर नसे. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते त्या कचेरींत राबले. २०१० सालीं वारले. त्या मालिका मराठींत आणणारांचीं नांवें तर आपणांपैकीं कोणीं विचारलींहि नाहींत. ज्या मराठीनें आपल्या बालपणाला भाषा दिली ती कोणाची, हें आपण पुसलें नाहीं. अमेरिकेंतील मुलांनीं निदान एक पदवी तरी दिली होती!

आतां याला एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो आपल्या मातींतलाच आहे. नांवाचा हा सोस पाश्चात्य आहे. आपल्याकडे कारागीर आपली कृति देवाला किंवा गांवाला अर्पण करून मोकळा होई. अनामिकता हेंच आपल्या कलेचें वैभव, असें पुष्कळ जण म्हणतात. मी हें लिहीत आहें तें इन्सुली हें गांव सावंतवाडीहून बांद्याकडे आणि पुढें गोव्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. या भागांत राहणारास तो आक्षेप सहजासहजीं झटकून टाकतां येत नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंग ज्या चित्रांच्या पोथ्या दाखवून गातात, त्या चित्रांवर सही नाहीं. सावंतवाडीच्या चितार आळींतील लाकडी फळांवर आणि खेळण्यांवर सही नाहीं. दशावतारी गंजिफेच्या १२० पानांवर मासा आहे, कासव आहे, वराह आहे. तीं रंगविणाराचें नांव नाहीं. दशावतारी नाटकांत तर लिहिलेली संहिताच नसते. नट रंगभूमीवर उभा राहून संवाद रचतो, पहांट होते, आणि त्याचे शब्द दंवाबरोबर विरून जातात. आमच्याकडील ही सर्व संपत्ति अनामिकांची आहे. मग अमेरिकेंतील एका बदकासाठीं एवढा कोलाहल कां?

या आक्षेपाचें उत्तर देतांना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. कर्त्यानें आपण होऊन नांव न घालणें ही एक, आणि दुसऱ्यानें तें घालूं न देणें ही दुसरी. पहिला त्याग आहे; दुसरें अपहरण आहे. दोन्हींचें बाह्य रूप एकच — कोरा कोपरा. परंतु सहीची जागा कोरी असणें आणि तेथें दुसऱ्याचें नांव असणें यांत फार अंतर आहे. गंजिफेच्या पानावर कोणाचेंच नांव नसतें; त्यामुळें चिताऱ्याचें श्रेय कोणी घेत नाहीं, आणि ज्या गांवांत तीं पानें खेळलीं जात त्या गांवाला चिताऱ्याचें घर ठाऊक असे. नाटकाच्या मंडळींत अमका राजा कोण झाला होता, हें दुसऱ्या दिवशीं बाजारांत प्रत्येकास माहीत असतें. गांवांत नांव कागदावर नसलें तरी तोंडांत असतें; तेथील अनामिकता ही अनोळखीपणा नव्हे. छापखान्यानें कृति लाखों अनोळखी घरांत नेली, आणि ज्या क्षणीं ती गांवाबाहेर पडली त्या क्षणीं तोंडांतलें नांव गळून पडलें. मग कागदावरचें नांव ही आढ्यता राहिली नाहीं. ती कर्त्याची शेवटची खूण झाली. पिंगुळीच्या चित्रांचेंहि हेंच झालें. गांवाबाहेर तशा पोथ्या दीर्घकाळ ‘पैठणचीं चित्रें’ म्हणून ओळखल्या गेल्या. घरीं ज्यांस ओळखीची गरज नव्हती, ते बाहेर जातांच भलत्याच गांवाचे झाले.

शिवाय आपली परंपरा नांवाविषयीं उदासीन होती, हेंच मुळीं अर्धसत्य आहे. वेद अपौरुषेय मानणाऱ्यांनींसुद्धां प्रत्येक सूक्ताबरोबर ऋषि, छंद आणि देवता यांचा उच्चार आवश्यक ठरविला, आणि त्यासाठीं अनुक्रमण्या रचल्या. मंत्र कोणीं केला असें म्हणावयाचें नाहीं. परंतु तो कोणाला दिसला हें मात्र विसरावयाचें नाहीं! नम्रता आणि कृतज्ञता या दोहोंना यांत जागा आहे. आमच्या संतांनीं देहाचा अभिमान सोडला, पण अभंगाच्या शेवटीं नाममुद्रा ठेवली. ती मिरविण्यासाठीं नव्हे. या बोलण्याची जबाबदारी माझी, एवढेंच सांगण्यासाठीं. सहीला जसा हक्काचा अर्थ आहे तसाच उत्तरदायित्वाचाहि आहे.

तेव्हां नांव शोधावें हें खरें. परंतु शोधणारावरहि कांहीं बंधनें आहेत. पहिलें बंधन सत्याचें. नाममुद्रा असतांहि घोटाळे कसे होतात, हें नामदेवांच्या गाथेवरून दिसतें. सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा याचे अभंग दोनशें-अडीचशें वर्षांपूर्वींच्या नामदेवांच्या अभंगांत मिसळून गेले. नांव एक, मुद्रा एक, आणि थोराच्या पदरांत धाकट्याचें धन. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. थोर नांवाचें आकर्षणच असें असतें. चित्रकथांच्या बाबतींतहि तीच भीति आहे. चांगलें पान दिसलें कीं तें बार्क्सचें म्हणावयाचें, आणि त्याच्या शेजारीं बसून काम करणाऱ्या कमी प्रसिद्ध हाताला पुन्हां एकदां अंधारांत ढकलावयाचें, हा दुसरा अन्याय पहिल्याहून वाईट. कारण तो न्यायाच्या नांवानें होतो. म्हणून अंदाजाला अंदाजच म्हणावें. जेथें पुरावा थांबतो तेथें ‘अज्ञात’ हा शब्द लिहिण्यांत कमीपणा नाहीं. तो त्या अज्ञाताचा मान आहे, कारण त्यामुळें त्याची जागा त्याच्यासाठीं राखून ठेवली जाते.

दुसरें बंधन कर्त्याच्या इच्छेचें. कोणी पोटासाठीं केलेलें काम आपलें म्हणावयास संकोचतो. कोणी गंभीर लेखन एका नांवानें आणि विनोद दुसऱ्या नांवानें करतो. राम गणेश गडकऱ्यांनीं कवितेसाठीं गोविंदाग्रज आणि विनोदासाठीं बाळकराम अशीं दोन नांवें घेतलीं होतीं. टोपणनांव हें घराचें दार आहे. आंतल्यानें तें लावून घेतलें असेल तर तो जिवंत असेपर्यंत बाहेरच्यानें धक्का देऊं नये. परंतु दार मालकानें बाहेरून लावलें असेल, तर तें उघडणें हा आगंतुकपणा नव्हे. आंतल्याची इच्छा कोणती, हें मात्र त्यालाच विचारावें लागतें; आणि विचारावयाचें तर तो हयात असतांनाच विचारावें लागतें.

ही हयातीची गोष्ट माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. जात्यावरच्या ओव्या या अनामिक म्हणूनच आपण शिकलों. परंतु हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनीं १९८० नंतरच्या दशकांत गांवोगांव फिरून लाखावर ओव्या गोळा करविल्या, तेव्हां ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचें नांव आणि गांवहि लिहून ठेवण्याचा परिपाठ राखला. ओवी तिची एकटीची नव्हती. आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून ती आली होती. तरीसुद्धां त्या पहांटे तो गळा तिचा होता, आणि तेवढें लिहून ठेवल्यानें परंपरेचें कांहींच उणें झालें नाहीं. उलट परंपरा म्हणजे हवेंतून आलेली वस्तु नसून एकामागून एक राबणाऱ्या माणसांची रांग आहे, हें त्या नांवांमुळें डोळ्यांना दिसूं लागलें. सावंतवाडीची गंजिफाहि अशीच वांचली. ती विझूं लागली असतां शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनीं ती पुन्हां उभी केली, तीहि उरलेल्या जुन्या चिताऱ्याच्या हाताशीं बसून शिकल्यामुळें. तो हात शोधावयास दहा वर्षें उशीर झाला असता, तर मासा, कासव आणि वराह हे पदार्थसंग्रहालयाच्या कांचेमागें जाऊन बसले असते.

अनामिकांचें ऋण फेडण्यास पांडित्य लागत नाहीं. त्याची पहिली पायरी ‘चांगला बदकवाला चित्रकार’ म्हणणाऱ्या त्या मुलांनीं घालून दिली आहे : लक्ष देऊन पाहावें, आणि एक हात दुसऱ्या हातापासून ओळखावा. नांव ही दुसरी पायरी. तें मिळालें नाहीं तरी पहिली फुकट जात नाहीं. ज्यानें लक्षच दिलें नाहीं त्याला नांव सांगून उपयोग नाहीं, आणि ज्यानें दिलें त्याला विचारल्यावांचून राहवत नाहीं. घरांत मुलाला खेळणें आणावें, तेव्हां तें कोणीं रंगविलें हें दुकानदारास विचारावें. त्याला ठाऊक नसेल तर पुढच्या खेपेस त्यालाहि विचारून ठेवावेंसें वाटेल. मुलाला गोष्ट वाचून दाखवावी, तेव्हां लिहिणाराचें आणि भाषांतर करणाराचें नांवहि वाचावें. आणि तें छापलेलें नसेल, तर येथें एका माणसाचें नांव असावयास हवें होतें, एवढें तरी मुलाला सांगावें.